काउंटी फायर डिपार्टमेंटच्या रेडिओ चॅनेल्सचा इतिहास कसा लावायचा

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या अग्निशमन दलाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत कोणकोणती रेडिओ चॅनेल्स वापरली याचा इतिहास लावायचा, तर कागदपत्रांची वाण नाही. बरंचसं साहित्य सरकारी आहे आणि घरबसल्या फुकट मिळतं. घोळ होतो तो मांडणीत. ‘अमुक साली काउंटी ८०० मेगाहर्ट्झवर गेली’ असं एका वाक्यात उरकलं जातं. प्रत्यक्षात डिस्पॅच, म्हणजे गाड्यांना घटनेकडे पाठवण्याचं बोलणं, आधी गेलेला असतो, आगीच्या ठिकाणचं आपसातलं बोलणं दोन-तीन वर्षांनी जातं, आणि स्वयंसेवक जवानांच्या पेजरवर येणारा टोन जुन्याच व्हीएचएफ फ्रीक्वेन्सीवर अजून वाजत असतो. तिन्ही तारखा खऱ्याच. म्हणून खालची पद्धत एका नियमावर उभी आहे: चॅनेलचं नाव, फ्रीक्वेन्सी, प्रसारणाचा प्रकार आणि त्यावर चालणारं काम या चार गोष्टी सुट्या धरायच्या. त्या एकाच दिवशी बदलल्या, असं पुराव्याशिवाय मानायचं नाही.

आधी तक्ता आखा

स्प्रेडशीटमध्ये हे रकाने करा: किमान या तारखेला होतं, किमान या तारखेपर्यंत होतं, चॅनेलचं नाव, बेसची फ्रीक्वेन्सी, गाडीची किंवा हँडसेटची फ्रीक्वेन्सी, सबऑडिबल टोन (आवाजासोबत जाणारा, कानाला न जाणवणारा टोन; संच तो ओळखूनच बोलणं ऐकवतो), एमिशन (प्रसारणाचा प्रकार), काम, कॉल साइन (लायसन्सची ओळख-खूण), पुरावा, खात्री. वरच्या चारपैकी एकही गोष्ट किंवा टोन बदलला की नवी ओळ. पहिल्या दोन रकान्यांना ‘सुरू’ आणि ‘बंद’ अशी नावं देण्याचा मोह टाळा. ज्या दिवसाचा पुरावा हातात आहे त्याच दिवसाबद्दल आपल्याला बोलता येतं.

खात्रीसाठी तीन अक्षरं पुरतात. ‘क’ म्हणजे वापराचा थेट पुरावा: तारीख असलेलं ध्वनिमुद्रण, डिस्पॅचची नोंद, त्या काळची दलाची लेखी कार्यपद्धती. ‘ख’ म्हणजे अधिकृत कागद, पण फक्त परवानगीचा किंवा इराद्याचा: लायसन्स, बजेट, निविदा. ‘ग’ म्हणजे ऐकीव आणि हौशी लोकांच्या याद्या. या याद्या टाकाऊ नसतात, पण एकीवरून दुसरी उतरवलेली असते. पाच याद्यांमध्ये एकच चूक सापडली म्हणून तिचे पाच पुरावे होत नाहीत.

नाव आणि फ्रीक्वेन्सी सुटी का ठेवायची, हे १५४.२८० मेगाहर्ट्झ या एका फ्रीक्वेन्सीवरून कळतं. कॅलिफोर्नियात ती ‘व्हाइट १’. इलिनॉयमधल्या माबास या परस्पर-मदत व्यवस्थेत ती ‘फायरग्राउंड व्हाइट’. राष्ट्रीय पातळीवरच्या एकसारख्या नावांमध्ये तीच ‘व्ही-फायर २१’. शेजारची १५४.२६५ इलिनॉयमध्ये ‘आयफर्न’ म्हणून परस्पर-मदतीच्या हाका देते, कॅलिफोर्नियात ती ‘व्हाइट २’, आणि राष्ट्रीय नाव ‘व्ही-फायर २२’. एखाद्या दलाच्या कागदात ‘व्हाइट’ जाऊन ‘व्ही-फायर’ आलं तर नवी ओळ येते, पण बदललेली असते ती फक्त पाटी. सोबत टोनही बदलला असेल, उदाहरणार्थ राज्यातला स्थानिक टोन जाऊन राष्ट्रीय १५६.७ हर्ट्झ आला असेल, तर मात्र तो प्रत्यक्ष वापरातला बदल. जुन्या टोनवर बसवलेले संच त्या दिवसापासून एकमेकांना ऐकू येणं बंद होऊ शकतं.

देशभरचे टप्पे: यांवर काउंटीची कालरेषा टांगा

काउंटी स्वतःहून क्वचितच हलते. बहुतेक वेळा वरून, म्हणजे एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाकडून, धक्का आलेला असतो. म्हणून स्थानिक शोधाला लागण्याआधी या तारखा तक्त्याच्या कडेला लिहून ठेवा.

सुरुवात बहुधा लो-बँडने होते: ३३ आणि ४६ मेगाहर्ट्झच्या आसपास. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये हा बँड फार काळ टिकला, कारण डोंगराळ मुलखात एका टॉवरवरून लांबचा पल्ला मिळतो. त्याचे दोन जाच होते. सूर्यावरच्या डागांचं चक्र शिखरावर असताना दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या दलाचं बोलणं आपल्या चॅनेलवर येऊन बसायचं. आणि हातातल्या संचाला पुरेशी लांब अँटेना लावता येत नसल्यामुळे इमारतीच्या आतून बोलणं अवघड व्हायचं. पुढच्या सगळ्या स्थलांतरांमागे ही दोन कारणं कुठे ना कुठे सापडतात.

त्यानंतर व्हीएचएफ हाय-बँड, १५४ मेगाहर्ट्झच्या आसपास. मग यूएचएफ, विशेषतः ४६०.५२५ ते ४६०.६२५ ही अग्निशमनाची नेहमीची जागा. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा अकरा महानगर क्षेत्रांत टीव्हीच्या न वापरलेल्या वाहिन्यांमधून काढलेला ४७० ते ५१२ मेगाहर्ट्झचा टी-बँडही मिळाला. लॉस एंजेलिस काउंटी फायर त्यावरच वाढलं. २०१२ च्या कायद्याने हा बँड परत करायचा हुकूम निघाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तो हुकूमच रद्द झाला. त्यामुळे २०१२ ते २०२० मधल्या काउंटी-कागदांत ‘टी-बँड सोडण्याची योजना’ दिसली, तरी ती अमलात आली असं धरू नका.

१९८७ मध्ये सार्वजनिक सुरक्षेसाठी ८२१–८२४ आणि ८६६–८६९ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला गेला. मोठ्या काउंट्यांचं ट्रंकिंग, म्हणजे थोड्या फ्रीक्वेन्सी अनेक गटांना गरजेप्रमाणे वाटून देणारी व्यवस्था, बहुतांशी त्या सुमारापासूनचं. पी२५ या डिजिटल मानकाचं काम १९८९ मध्ये सुरू झालं. २००४ मध्ये ८०० मेगाहर्ट्झची फेरमांडणी ठरली, २००५ मध्ये काम सुरू झालं आणि २०२१ मध्ये ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. २००६ पासून अनेक दलं एकत्र येतात त्या घटनांत दहाचे कोड (‘१०-४’सारखे) सोडून साध्या भाषेत बोलण्याची अट आली. याने फ्रीक्वेन्सी बदलली नाही, पण जुन्या ध्वनिमुद्रणांचा काळ ओळखायला ती उपयोगी पडते. जून २००९ मध्ये ॲनालॉग टीव्ही बंद झाला आणि ७०० मेगाहर्ट्झ सगळीकडे मोकळा झाला. १ जानेवारी २०१३ ही नॅरोबँडिंगची, म्हणजे चॅनेल अरुंद करण्याची, मुदत: १५०–१७४ आणि ४२१–४७० मध्ये २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५. लो-बँडला ही अट लागू नव्हती. एखादं लो-बँड चॅनेल ‘नॅरोबँडिंगमुळे’ बंद झालं असं कुणी लिहिलं असेल, तर खरं कारण दुसरं आहे; शोधा.

लायसन्स वाचायचं कसं

एफसीसीच्या युनिव्हर्सल लायसन्सिंग सिस्टिममध्ये रद्द आणि मुदत संपलेली लायसन्सही दिसतात, फक्त शोधताना स्थितीच्या खाली ‘ॲक्टिव्ह’एवढंच न ठेवता सगळे पर्याय निवडावे लागतात. ही व्यवस्था संगणकावर येण्याआधीच, म्हणजे साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटापूर्वी जी लायसन्स मेली, ती मात्र इथे मिळण्याची आशा ठेवू नका.

‘फायर’ हा शब्द टाकून शोधलं तर निम्मं हातातून निसटतं. लायसन्स काउंटीच्या नावावर असतं, कधी बोर्ड ऑफ कमिशनर्सच्या, कधी शेरीफच्या, कधी चार शहरांनी मिळून काढलेल्या संयुक्त प्राधिकरणाच्या. म्हणून आधी काउंटीचा एफआरएन, म्हणजे एफसीसीकडचा नोंदणी क्रमांक काढा आणि त्यावर शोधा. मग काउंटीच्या मुख्य टॉवरचे अक्षांश-रेखांश घेऊन भौगोलिक शोध करा. दुसऱ्याच्या नावावरची लायसन्स याच वाटेने हाती लागतात.

फार लायसन्स असतील तर साप्ताहिक डेटाबेसमधली ‘लँड मोबाईल प्रायव्हेट’ फाईल उतरवून घ्या. आत उभ्या दांडीने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइली असतात: एचडी म्हणजे लायसन्सची मुख्य नोंद, ईएन म्हणजे धारक, एलओ म्हणजे ठिकाणं, एफआर म्हणजे फ्रीक्वेन्सी, ईएम म्हणजे एमिशन, एचएस म्हणजे घडामोडींचा इतिहास. एफआर आणि एलओ नुसत्या कॉल साइनवर जोडल्या तर प्रत्येक फ्रीक्वेन्सी प्रत्येक टॉवरवर दिसायला लागते. जोडताना लोकेशन नंबर आणि अँटेना नंबरही घ्या.

आता तारखा. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. लायसन्सवर दिसणारी ‘ग्रँट’ तारीख ही मूळ लायसन्स मिळाल्याची असतेच असं नाही. नूतनीकरणाने ती पुढे सरकते. लायसन्स साधारण दहा वर्षांचं असतं, म्हणजे २०१४ ची ग्रँट तारीख असलेलं चॅनेल १९७४ पासून चालू असू शकतं. ‘इफेक्टिव्ह’ तारीख तर पत्ता किंवा फोन नंबर बदलला तरी हलते. उपाय एकच: प्रशासकीय नोंदींच्या पानावर जाऊन जुन्या अर्जांची यादी उघडायची आणि प्रत्येक अर्जात नेमकं काय बदललं ते पाहायचं. कॉल साइनवरूनही अंदाज येतो. तीन अक्षरं-तीन आकडे अशी रचना जुनी. चार अक्षरांमध्ये डब्ल्यूपीने सुरू होणारी साधारण १९९० च्या दशकातली, डब्ल्यूक्यूची २००० नंतरच्या दशकापासूनची, डब्ल्यूआरची अगदी अलीकडची. एखाद्या चॅनेलचं कॉल साइन डब्ल्यूक्यूचं असून शेजारच्या तीन चॅनेल्सचं तीन-अक्षरी असेल, तर ते चौथं चॅनेल नंतर जोडलेलं असण्याची शक्यता मोठी.

स्टेशन क्लासचा रकाना काम सांगतो. एफबी म्हणजे बेस, एफबी२ म्हणजे रिपीटर (एका फ्रीक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर पुन्हा सोडणारं केंद्र), एमओ म्हणजे गाड्या आणि हँडसेट, एफएक्स१ म्हणजे ठरावीक जागेवरून रिपीटर चालवणारा कंट्रोल संच. एखादी फ्रीक्वेन्सी फक्त एमओ म्हणून आहे आणि तिला एफबी किंवा एफबी२ ची जोडच नाही, तर ते बहुधा फायरग्राउंड चॅनेल आहे: आगीच्या जागी संच-ते-संच बोलायचं, मध्ये टॉवर नाही. पूर्वी एफबी असलेलं चॅनेल पुढच्या अर्जात एफबी२ झालं, तर साधं चॅनेल रिपीटरवर चढवलं गेलं. त्या वेळी दुसरी फ्रीक्वेन्सीही आलेली दिसेल. अंतरं पाठ ठेवा: ४५०–४७० मध्ये ५ मेगाहर्ट्झ, टी-बँडमध्ये ३, ७०० मध्ये ३०, ८०० मध्ये ४५. व्हीएचएफ हाय-बँडमध्ये ठरलेलं अंतर नाही, जोड्या हाताने जुळवाव्या लागतात.

एमिशनचा कोड

लायसन्सवर ‘२०के०एफ३ई’ किंवा ‘११के२एफ३ई’ असं काहीतरी असतं. पहिला भाग रुंदी: २०.० किलोहर्ट्झ, ११.२ किलोहर्ट्झ. एफ म्हणजे एफएम, ३ म्हणजे ॲनालॉग, ई म्हणजे बोलणं. रुंदीचा हिशेब सोपा आहे: आवाजाच्या वरच्या टोकाची दुप्पट अधिक डेव्हिएशनची (बोलताना फ्रीक्वेन्सी मध्यापासून जास्तीत जास्त किती सरकते त्याची) दुप्पट. जुन्या चॅनेलला ३ किलोहर्ट्झ आवाज आणि ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन, म्हणून १६; लायसन्सवर मात्र बहुधा परवानगीची पूर्ण रुंदी, म्हणजे २०, लिहिलेली असते. नॅरोबँडला ३.१ आणि २.५, म्हणून ११.२.

‘८के१०एफ१ई’ दिसलं तर पी२५ फेज १. ‘९के८०डी७डब्ल्यू’ दिसलं तर फेज २, ज्यात एका चॅनेलवर दोन संभाषणं आळीपाळीच्या वेळेत चालतात. ‘७के६०एफएक्सई’ म्हणजे डीएमआर हे दुसरं डिजिटल मानक. पण एकाच ओळीत ११के२एफ३ई आणि ८के१०एफ१ई दोन्ही असणं हे फार नेहमीचं आहे. दोन्हींची परवानगी काढून ठेवलेली असते. डिजिटल सुरू झालं, असा त्याचा अर्थ नाही. तक्त्यात ‘ख’च लिहा.

नॅरोबँडिंगची स्थानिक तारीख मात्र एमिशनवरून बरीच घट्ट पकडता येते. बहुतेक काउंट्यांनी आधी लायसन्समध्ये अरुंद एमिशन जोडलं, मग संच पुन्हा प्रोग्रॅम केले, आणि शेवटी रुंद एमिशन काढून टाकलं. जोडल्याची तारीख ही खालची मर्यादा, काढल्याची वरची. खरा बदल मध्ये कुठेतरी. २०१३ नंतरही फक्त २०के दिसत असेल तर एकतर खास सूट होती किंवा कागद अद्ययावत करायचा राहिला.

व्हीएचएफमध्ये फ्रीक्वेन्सीच्या शेपटीवरूनही काळ कळतो. जुनी चॅनेल्स १५ किलोहर्ट्झच्या अंतराने होती. १९९५ च्या फेरमांडणीच्या निर्णयानंतर त्यांच्या मधोमध, ७.५ किलोहर्ट्झवर, नवी चॅनेल्स आली. इलिनॉयचे फायरग्राउंड रंग पाहा: रेड १५३.८३०, व्हाइट १५४.२८०, ब्लू १५४.२९५ ही जुन्या खाचांत बसतात. गोल्ड १५३.८३७५, ब्लॅक १५४.२७२५, ग्रे १५४.२८७५ ही तिन्ही मधल्या खाचांतली, म्हणजे नंतरची. आणि गोल्ड रेडपासून जेमतेम साडेसात किलोहर्ट्झवर आहे. एकाच आगीवर दोन्ही शेजारी-शेजारी वापरली तर एकाची खरखर दुसऱ्यात शिरते. जुन्या कार्यपद्धतीत ‘ही दोन एकाच घटनेला देऊ नयेत’ अशा सूचना सापडतात त्या यामुळे.

ट्रंकिंग आलं की फ्रीक्वेन्सीचा रकाना सैल सोडा

ट्रंकिंगमध्ये जवान नॉब फिरवून जे ‘चॅनेल’ निवडतो ते खरं तर टॉकग्रुप, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या संचांचा क्रमांक दिलेला गट, असतं. फ्रीक्वेन्सी प्रत्येक वेळी कंट्रोल चॅनेल, म्हणजे संचांना सूचना देणारं यंत्रणेचं चॅनेल, ठरवतं. लायसन्समध्ये रेडिओ सेवेचा कोड पीडब्ल्यूऐवजी वायडब्ल्यू झाला किंवा स्टेशन क्लास एफबी८ आला, तर ट्रंकिंगची परवानगी आली असं समजा. तक्त्यात आता फ्रीक्वेन्सीच्या जागी सिस्टिम आयडी आणि टॉकग्रुपचा आकडा लिहायचा. सिस्टिमच्या फ्रीक्वेन्सींचा वेगळा तक्ता करायचा.

आकड्यांची लिहिण्याची पद्धत बदलल्यामुळे बदल नसताना बदल दिसतो. मोटोरोलाच्या जुन्या टाइप २ सिस्टिममध्ये दशमान आकडा १६ च्या पटीत लिहिला जायचा, कारण शेवटची चार बिटं आणीबाणी, पॅच वगैरे स्थितीसाठी राखलेली. म्हणून १६१६ म्हणजे हेक्समध्ये (सोळा-पायाच्या पद्धतीत, शेवटचं शून्य सोडून) ०६५, आणि १६ ने भागल्यावर १०१. पी२५ वर जाताना काउंटीने तोच आराखडा ठेवला असेल तर टॉकग्रुप १०१ म्हणून दिसेल. एडॅक्स या दुसऱ्या ट्रंकिंग सिस्टिममध्ये एजन्सी-फ्लीट-सबफ्लीट अशी लिहिण्याची रीत होती: एजन्सी गुणिले १२८, अधिक फ्लीट गुणिले ८, अधिक सबफ्लीट. ०५-०४२ म्हणजे ६४० + ३२ + २ = ६७४. दोन वेगळ्या वर्षांच्या याद्या समोर ठेवण्याआधी सगळे आकडे एकाच पद्धतीत आणा.

उलट चूकही होते. टॉकग्रुपचं नाव आणि आकडा तोच राहिला, पण सिस्टिम आयडी बदलला. म्हणजे मागची सगळी यंत्रणा नवी आहे. हा मोठा बदल नावांच्या यादीत अजिबात दिसत नाही.

स्थलांतराच्या काळात डिस्पॅचर जुनं आणि नवं चॅनेल पॅच करून दोन्हीकडे एकच आवाज सोडतात. हे काही आठवडे चालतं, कधी वर्षभरही. पेजिंगसाठी तर कायमचं चालू राहतं: खिशातल्या पेजरला ॲनालॉग व्हीएचएफ किंवा लो-बँड लागतो आणि सगळ्यांना नवे पेजर देणं महाग असतं. म्हणून जुन्या फ्रीक्वेन्सीवर डिस्पॅचचा आवाज ऐकू आला, तरी तिथे कोणी उत्तर देतं का ते तपासा. उत्तर येत नसेल तर कामाच्या रकान्यात ‘डिस्पॅच’ खोडून ‘फक्त पेजिंग’ लिहा.

फायरग्राउंड चॅनेल्सची तारीख नेहमी वेगळी काढा. २००८ च्या सुमारास डिजिटल संचांबद्दल गंभीर तक्रारी पुढे आल्या होत्या: जवानाच्या अंगावरचा हालचाल थांबल्याचा गजर, हवा संपत आल्याची घंटा, पंप-करवतींचा आवाज मागे असला की आवाज दाबून डिजिटल करणारा व्होकोडर बोलण्याचा चुराडा करायचा. शिवाय तळघरातून टॉवरपर्यंत सिग्नल पोचला नाही तर ट्रंकिंगचा संच शेजारच्या खोलीतल्या जवानाशीही बोलू देत नाही. त्यामुळे डिस्पॅच ७०० किंवा ८०० वर नेऊनही आगीच्या ठिकाणी साधं ॲनालॉग चॅनेल ठेवणारी दलं बरीच आहेत. हे मागासलेपण म्हणून नोंदवणाऱ्या याद्या भेटतात. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्याचा लेखी आदेश दलाच्या कार्यपद्धतीत मिळतो.

८०० ची फेरमांडणी: वजाबाकी कुठे चालते, कुठे नाही

मोबाईल कंपनीच्या सिग्नलचा त्रास टाळण्यासाठी राखीव पट्टा १५ मेगाहर्ट्झ खाली आणला. म्हणजे ८६६.०१२५ ची झाली ८५१.०१२५, आणि ८२१.०१२५ ची ८०६.०१२५. परस्पर-मदतीच्या पाच चॅनेल्सची नावंही बदलली: ‘आय-कॉल’चं ‘८ कॉल ९०’ झालं आणि चार ‘आय-टॅक’ची ‘८ टॅक ९१’ ते ‘९४’. हे सरळ आहे.

पण ज्या काउंट्या आधीपासून ८५१–८५४ मध्ये बसल्या होत्या त्यांना येणाऱ्यांसाठी जागा रिकामी करावी लागली. त्या वर, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर गेल्या; तिथे कोणताही ठरलेला फरक नाही. एकाच सिस्टिमचे पाच रिपीटर वजाबाकीत बसतात आणि तीन बसत नाहीत, हे म्हणून शक्य आहे. कॅनडा आणि मेक्सिकोच्या सीमेजवळ नियम वेगळे होते. मेक्सिकोकडचं काम सगळ्यात शेवटी संपलं. अशा काउंट्यांसाठी प्रत्येक लायसन्स-दुरुस्ती एकेक करून पाहावी लागते, दुसरा मार्ग नाही.

फोटो आणि कॅसेट

लायसन्स नसलेल्या काळासाठी बंबांचे जुने फोटो फार कामाचे. टपावरची अँटेना मोजा. पाव-लहरीची लांबी मीटरमध्ये म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ: ३३.९ ला सव्वादोन मीटर, ४६ ला १.६३ मीटर, १५४ ला ४९ सेंटिमीटर, ४६० ला १६, ८५० ला जेमतेम ९. बंबाच्या दाराची उंची किंवा चाकाचा व्यास मापाला धरला की पट्ट्याचा अंदाज पक्का होतो. बुडाशी जाडसर गुंडाळी दिसली तर लांबीवर विसंबू नका. लो-बँडची अँटेना गुंडाळी घालून आखूड करतात, आणि व्हीएचएफची पाच-अष्टमांश लहरीची अँटेना सव्वा मीटरची, म्हणजे आखूड लो-बँडसारखीच दिसते. लांब आणि आखूड अशा दोन्ही अँटेना एकाच गाडीवर असतील तर तो फोटो स्थलांतराच्या काळातला, आणि म्हणून सोन्याच्या मोलाचा.

जुन्या कॅसेटवरचे पेजिंग टोन हे केंद्राच्या बोटांचे ठसे असतात. मोटोरोलाच्या दोन-टोन पद्धतीत पहिला टोन १ सेकंद, दुसरा ३ सेकंद. बँड बदलला तरी केंद्राचे टोन बहुधा तेच ठेवतात, कारण पेजरमधले टोन बदलणं कटकटीचं. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या फ्रीक्वेन्सी वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रात) ते मोजा, पण आधी टेपचा वेग दुरुस्त करा. मूळ ध्वनिमुद्रणात अमेरिकी विजेची ६० हर्ट्झची गुणगुण असेल आणि ती ५८.५ वर दिसत असेल, तर टेप अडीच टक्के मंद चालली आहे. मग ६५३.२ चा टोन भागिले ०.९७५ म्हणजे ६६९.९, आणि हा आकडा मोटोरोलाच्या यादीत आहे. गुणगुण बरोब्बर ६० वर असेल तर ती कदाचित कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचीच असते, दुरुस्तीला निरुपयोगी. टेप भारतात डिजिटल केली असेल तर ५० हर्ट्झची रेघ दिसेल. ती आपल्या घरातल्या विजेची.

काउंटीकडून कागद मागताना

प्रत्येक राज्याचा सार्वजनिक नोंदींचा कायदा आहे. आपल्या माहिती अधिकारासारखाच अर्ज करायचा. ‘रेडिओबद्दलची सगळी माहिती’ असं लिहिलं तर नकार किंवा भलंमोठं शुल्क ठरलेलं. नेमकं मागा: अमुक ते अमुक वर्षांतली, आता वापरात नसलेली फ्लीटमॅप (कोणाला कोणते टॉकग्रुप दिले याचा आराखडा), हँडसेटच्या झोन आणि नॉबच्या सोळा जागांची जवानांना दिलेली छापील कार्डं, संचखरेदीचे आदेश, रेडिओविषयीच्या कार्यपद्धतीच्या जुन्या आवृत्त्या. ‘वापरात नसलेली’ हे शब्द महत्त्वाचे, कारण चालू यंत्रणेचे तपशील सुरक्षेच्या सबबीखाली अडवले जातात. एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचा उल्लेखही करू नका. नॉबची कार्डं मिळाली तर अर्धं काम झालं: त्यांवर तारीख असते, नावं असतात, आणि कोणतं चॅनेल पहिल्या जागेवर आहे त्यावरून दल खरं कशावर भिस्त ठेवतं तेही कळतं.

काउंटी बोर्डाची इतिवृत्तं ऑनलाइन असतात. त्यांत ‘रेडिओ’ हा शब्द शोधण्यापेक्षा टॉवरच्या जागेच्या भाडेकरारांवर लक्ष ठेवा. नवा टॉवर करार झाला की वर्ष-दीड वर्षात लायसन्सवर नवं ठिकाण उगवतं.

आजची ओळ स्वतः तपासायची तर

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे घरून करता येतं. आरटीएल-एसडीआर डाँगल, म्हणजे संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतं, म्हणजे लो-बँडपासून ८०० पर्यंत सगळं. त्याची एका वेळची खिडकी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ, सिस्टिमच्या फ्रीक्वेन्सी याहून पसरलेल्या असतील तर दोन डाँगल लागतात. स्कॅनर गाडीत ठेवण्यावर काही राज्यांत निर्बंध आहेत, न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा त्यांत येतात. आपल्या राज्याचा नियम आधी वाचा. भारतात हा भाग करूच नका. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून ते २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत इथे संच जवळ बाळगायलाही परवानगीची चौकट आहे. कागदांवरचं सगळं काम मात्र पुण्यात बसूनही होतं.

सर्वांत जास्त फसवतो तो डाँगलचा स्फटिक. ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चूक म्हणजे ४६ मेगाहर्ट्झवर २.३ किलोहर्ट्झ, चालून जाते. तीच चूक ८५१ वर साडेबेचाळीस किलोहर्ट्झ होते, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झच्या तीन चॅनेल्सहून जास्त. तक्त्यात भलत्याच फ्रीक्वेन्सीची ओळ पडते आणि लायसन्समध्ये ती सापडत नाही म्हणून लोक ‘विनापरवाना प्रसारण’ असं लिहून मोकळे होतात. आधी एखाद्या ओळखीच्या कंट्रोल चॅनेलवर पीपीएमची दुरुस्ती बसवा, डाँगल वीसेक मिनिटं तापू द्या, मग मोजा. आणि नॅरोबँड चॅनेल ऐकताना रिसीव्हर अरुंद एफएमवर ठेवा. रुंद ठेवलात तर आवाज दबका येतो, आणि तो टॉवर लांब असल्याचा पुरावा समजला जातो.